माळकऱ्याच्या रक्तातली दारू

मे महिना, बीड जिल्ह्यातलं ग्रामीण रुग्णालय, पीएमच्या, म्हणजे शवविच्छेदनाच्या, खोलीत एकच पंखा. विहिरीत तिसऱ्या दिवशी वर आलेला मृतदेह टेबलावर होता. पोट फुगलेलं, हातांची कातडी मोज्यासारखी सुटत आलेली. गळ्यातली तुळशीची माळ सुजलेल्या मानेत इतकी रुतली होती, की दोरा न तोडता काढायला आमच्या मदतनिसाला पाच मिनिटं लागली.

बाहेर भाऊ सांगत होता, "मोटार बघायला उतरला आन् पाय घसरला, साहेब. दारूचा थेंब नाही, माळकरी माणूस." हवालदार जवळ येऊन हळूच म्हणाले, "माळकरीबी पितेत, साहेब."

दोघांचंही ऐकलं. मांडीच्या शिरेतून रक्त घेतलं, फ्लोराइडच्या बाटलीत भरलं. हृदयातलं टाळतो, जठरातली दारू तिथं झिरपते. मग डोळे. एक बसूनच गेला होता. दुसऱ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून सुई घातली आणि अगदी सावकाश ओढत जेमतेम दीड मिली द्रव काढला. तितकंच पाणी परत भरलं, डोळा खोल दिसू नये म्हणून. तोंड बघण्यासारखं राहिलं नव्हतं, पण हाताला सवय.

नोकरीच्या पहिल्या वर्षी अशाच एका केसमध्ये मी फक्त रक्त पाठवलं होतं, तेही साध्या बाटलीत. आकडा आला तेव्हा ताडून बघायला माझ्याकडे काहीच नव्हतं. ते अजून टोचतं.

सीए रिपोर्ट, म्हणजे सरकारी प्रयोगशाळेचा रासायनिक तपासणीचा अहवाल, काही महिन्यांनी आला. रक्तात 100 मिलीला 64 मिलिग्रॅम. गाडी चालवणाऱ्याला 30 च्या वर गेलं की मोटार वाहन कायद्याचं कलम 185 लागतं. विमावाल्यांनी तेवढीच ओळ वाचली आणि 'नशेत पडला' म्हणून दावा अडवला. खालची ओळ होती: डोळ्यातील द्रवात इथिल अल्कोहोल आढळले नाही.

माणूस गेला तरी आतड्यातले जिवाणू आणि यीस्ट कामावरच असतात. उन्हाळ्यात तर विचारू नका. अंगातली साखर ते आंबवतात. ताडी आंबते तशीच. फ्लोराइड बाटलीतलं आंबणं थांबवतं, विहिरीत आधीच झालेलं नाही. डोळा मात्र बंद कुपीसारखा, आतड्यापासून लांब. जंतू तिथं उशिरा पोचतात. प्यायलेली दारू पाण्याबरोबर सगळीकडे जाते, डोळ्यातही.

तपासी अंमलदारांनी नेमकं विचारलं, "प्याला आन् लगेच पडला असंल तर?" खरंय, डोळ्यात दारू रक्तामागून, उशिरा चढते. पण मग जठरात ती भरपूर सापडायला हवी. तपासणीला पाठवलेल्या जठराच्या बरणीत तर रक्ताहून कमीच निघाली होती.

अभिप्रायात 'प्यायलेला नव्हता' असं मी लिहिलं नाही. लिहिलं, "हे अल्कोहोल मृत्यूनंतर कुजण्याच्या प्रक्रियेत तयार झाले असण्याची शक्यता अधिक आहे, केवळ या आकड्यावरून मृत व्यक्ती नशेत होती असे म्हणता येणार नाही."

भावाने प्रत दोनदा वाचली.

"म्हंजी प्याला नव्हता, असंच ना?"

"प्याला होता असं म्हणता येत नाही."

एवढ्याने त्याचं समाधान झालं नाही. कागदाची घडी खिशात घालून तो दारापर्यंत गेला आणि वळला. "साहेब, माळ कुठं मिळंल?"

मी ठाण्याचा रस्ता दाखवला. पंचनाम्यात नोंद होती.