कोंडा, पेंड आणि आम्ही

आम्ही बनवतो त्या माशांच्या खाद्याला ‘कचरा’ म्हणणारे आजही कुडाळच्या बाजारात भेटतात. भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड निम्मी-निम्मी कालवून रोहू-कटल्याला घालायची, ही रीत काय आमची नव्हे, जुनीच. आम्ही त्यात थोडी खोबऱ्याची पेंड आणली आणि बी काढल्यावर बागेत कुजत पडणाऱ्या काजूच्या बोंडूंचा चोथा वाळवून मिसळला. बेतानेच, कारण बोंडूत टॅनिन असतं. जास्त झालं की मासा तोंड फिरवतो.

खाद्याच्या गोळ्या पाडायचं मशीन जुनंच घेतलं, डाय, म्हणजे गोळ्या जिच्यातून बाहेर पडतात ती भोकांची चकती, मात्र नवी, ३ मिलिमीटरची. नवी डाय तेल, बारीक वाळू आणि कोंडा घालून आधी घासून घ्यावी लागते, नाहीतर माल बाहेरच येत नाही. संध्याकाळी बंद करताना तेलकट भरड सोडायची. विसरलात तर सकाळी ड्रिल घेऊन एकेक भोक उकरत बसा.

मग तो पावसाळा. आभाळ दिवसेंदिवस भरलेलं. एका शेततळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंड वासायला लागले आणि दुपारपर्यंत मेले. उन्हाशिवाय शेवाळ प्राणवायू बनवत नाही, रात्री उलट ओढून घेतं. तळंवाल्यांना हे मी काय सांगायचं? पण एका बड्या कंपनीचा डीलर गावोगाव सांगत सुटला, ‘यांच्या भुशानेच मेले.’ ऑर्डरी थांबल्या. पोती गोदामात पडून, कोंडा खवट, बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला. खाद्य तपासून घ्या, खर्च आमचा, असं म्हटलं. कोणी पुढे आलं नाही.

एकटे आबा पोती नेत राहिले, तेही रोखीने. डीलर त्यांच्या बांधावरही जाऊन आला होता. आबा त्याला म्हणाले, ‘मी माशांका इचारलंय. त्येंची काय तक्रार नाय.’

नंतर बरं चाललं. पण त्या कंपनीच्या पोत्यावरची यादी एकदा वाचा: तेल काढलेला भाताचा कोंडा! त्यांच्या पोत्यात तो चालतो.

असो. कोंडा घेताना चिमूटभर पाण्यात टाका, तूस मिसळलेलं असेल तर वर येतं. गिरणीवाला चिडला तर दुसरी गिरणी बघा. आणि आभाळ भरलेलं असेल त्या सकाळी खाद्य घालू नका, मग ते आमचं असो की त्यांचं.