पिनार्ड कुठे ठेवलाय?

‘पिनार्ड कुठे ठेवलाय?’ असं प्रसूतिकक्षात कुणी विचारलं, की डोळ्यांसमोर माणूस येत नाही, वस्तू येते. पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकायची वीतभर पोकळ नळी, एक तोंड कर्ण्यासारखं पसरट, दुसऱ्या टोकाला मधे भोक असलेली चपटी चकती. अ‍ॅडॉल्फ पिनार (१८४४–१९३४) हे पॅरिसमधले प्रसूतितज्ज्ञ; नळीला नाव त्यांचंच. आडनावातला शेवटचा ‘ड’ फ्रेंच लोक गिळतात; आपण तो इमानाने उच्चारतो.

नळी १८९५ची, मूळची लाकडी. तिच्यात ना बॅटरी, ना पडदा, ना आकडे, त्यामुळे बिघडायचं काहीच नाही. बिघडतो तो ऐकणारा. नवशिक्या नळी पोटावर टेकवतो, बोटांनी गच्च धरतो आणि त्याला स्वतःच्या बोटांची खरखर तेवढी ऐकू येते. नळी कान आणि पोट यांच्यामध्ये नुसत्या दाबाने उभी राहिली पाहिजे, हात काढून. ती तिरपी झाली की आवाज गेला.

त्याआधी जागा शोधायची ती हातांनी. पोटाच्या एका बाजूला सलग, टणक लागते ती बाळाची पाठ. दुसरीकडे हातापायांचे बारीक उंचवटे. ठोके पाठीच्या बाजूने, खांद्याजवळ स्पष्ट येतात. डोकं खाली असेल तर बहुधा बेंबीच्या खाली, पायाळू असेल तर बेंबीच्या आसपास किंवा वर. या चाचपण्यावर पिनार यांनी १८७८ मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं होतं. हात शहाणे नसतील तर कान पोटभर भटकतो.

आवाज उशीखालच्या घड्याळासारखा: बारीक, दुहेरी, घाईचा. मिनिटाला ११० ते १६०. एकीकडे आईच्या मनगटावर बोटं हवीतच. सूं-सूं असा फुंकरीचा आवाज नाडीबरोबर येत असेल, तर तो आईच्या रक्तप्रवाहाचा. बाळाचा म्हणून मोजला तर फसगत. अशी फसगत डॉप्लरचीही (ध्वनिलहरींनी ठोके टिपणारं यंत्र) होते, आणि तो तर वर आकडाही दाखवतो! पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं हा आळस. पूर्ण मिनिट मोजायचं. कळा सुरू असतील तेव्हा कळ ओसरल्या ओसरल्या ऐकायचं, कारण ठोके मंदावून सावकाश सावरत असतील तर ते तिथेच कळतं. दिवस भरत आलेल्या बाईला मात्र सपाट उताणी निजवू नये. गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून तिला गरगरतं. पाठीला टेकू द्यावा, थोडं कुशीवर वळवावं.

१८९५ मध्येच पिनार यांनी आणखी एक गोष्ट मांडली: शेवटच्या महिन्यांत विश्रांती मिळालेल्या कष्टकरी बायकांची बाळं, अखेरपर्यंत राबणाऱ्यांच्या बाळांपेक्षा वजनाने भरतात. पुढे ते शाळकरी मुलींना तान्ह्या बाळाची निगा शिकवू लागले. प्राध्यापकाने चिमुरड्यांसमोर उभं राहणं हे त्या काळी थोडं विचित्रच वाटलं असेल. सुप्रजननवादाकडेही, म्हणजे ‘चांगल्या’ वंशाचीच प्रजा वाढावी या विचाराकडेही, त्यांचा ओढा होता. तो आज खटकतो, आणि खटकायलाच हवा.

वॉर्डात यातलं फारसं कुणाला ठाऊक नसतं. कळ ओसरते, नळी पोटावर उभी राहते, शिकणारी मुलगी हात सोडते आणि ओठ न हलवता मोजू लागते. शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरची बोटं बाईच्या मनगटावर, नजर घड्याळाच्या काट्यावर.