आमची वाटचाल : टाकीपासून टबापर्यंत

आमच्या दुकानात काउंटरवर एक जळका हीटर ठेवलाय. त्याच्या कॉइलवर बोटभर जाडीचा पांढरा थर आहे. नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, हे काय? मी सांगतो, आमची फी भरल्याची पावती.

आमचं मूळ काम टाक्या धुण्याचं. इंदुरात नर्मदेचं पाणी जलूदहून जवळपास 70 किलोमीटरच्या पाइपातून येतं, तेही एक दिवसाआड. म्हणून घरोघरी हौद आणि गच्चीवर टाकी. कामाला तोटा नव्हता. पुढे दोन-चार स्विमिंग पूल मिळाले. मग खंडवा रोडच्या फार्महाउसवाल्यांना गरम पाण्याच्या टबांची हौस आली. “भिया, पूल करते हो तो ये भी देख लो.” मीही हो म्हटलं. छोटा पूलच की, त्यात काय!

पहिल्याच टबात पूलची सवय चालवली. भरायला बोरिंगचं पाणी, आणि तरंगत्या डबीत टीसीसीएची, म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या क्लोरीनची, गोळी. दोनेक महिने पाणी चकाचक. पाणी तपासायच्या पट्टीवर क्लोरीनही दिसायचं. मग एका रविवारी चार पाहुणे तासभर बसले आणि मंगळवारी चौघांच्या अंगावर लाल पुरळ, तेही नेमकं पोहण्याच्या कपड्याखाली. त्याच आठवड्यात हीटर जळला. मालकांनी त्याचे पैसे माझ्या बिलातून कापले आणि पुन्हा फोन केला नाही. करायला हवा होता असंही नाही.

मी तोंड पाडून रामबागेत आत्याकडे गेलो. आत्या होळकर कॉलेजची, सारा जन्म केमिस्ट्री शिकवण्यात गेलेला. सगळं ऐकून म्हणाली, “गंगाळाला आणि विहिरीला एकच माप लावलंस होय रे?”

मग कागद घेऊन बसवलं. 1500 लिटरच्या टबात चार माणसं, म्हणजे एक लाख लिटरच्या पूलमध्ये अडीचशेच्या वर! त्यात पाणी 38-39 अंशांवर. घाम, तेल, क्रीम सगळं उतरणार आणि क्लोरीन भराभर संपणार. गोळीची गंमत वेगळीच. तिच्यातून क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिडही येतं. क्लोरीन संपतं, ते मात्र साठत जातं, आणि उरलेल्या क्लोरीनला धरून ठेवतं. पट्टीवर आकडा दिसतो, पण जंतू मरायला फार वेळ लागतो. असं पाणी स्यूडोमोनस नावाच्या जंतूला मानवतं. ते पुरळ बहुधा त्याचंच. साठलेलं ॲसिड औषधानं जात नाही, पाणीच बदलावं लागतं. उन्हातल्या पूलमध्ये क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं जे कवच, तेच झाकणाखालच्या टबाला लोढणं.

आणि हीटर? आपल्या माळव्यातलं बोरिंगचं पाणी जड. पाणी तापलं की त्यातला चुना आधी कॉइलवर बसतो. शिवाय जेटच्या हवेनं पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच आपोआप चढतो. पीएच 7.5 असताना साधारण निम्मं क्लोरीन कामाचं असतं, 8 ला जेमतेम पाव. म्हणजे चुनाही बसतो आणि औषधही वाया.

तेव्हापासून आमचा क्रम आत्याचाच आहे. आधी क्षारीयता, म्हणजे पीएचला जागेवर धरून ठेवणारे क्षार, 80 ते 120 पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), मग पीएच 7.2 ते 7.8, आणि सगळ्यात शेवटी क्लोरीन, 3 पीपीएमच्या खाली कधीच नाही. टबात गोळी बंद. लिक्विड क्लोरीन किंवा ब्रोमीन. क्षारीयता वाढवायला लागतो तो खाण्याचा सोडा: 1500 लिटरला 25 ग्रॅम घातला की साधारण 10 ने वाढते. सुरुवातीला आमची पोरं तो मुठीनं टाकायची. आत्यानं सोनाराकडे असतो तसला छोटा काटा आणून दिला. भरताना बोरिंगचं पाणी सॉफ्टनरच्या पाण्यात मिसळून घेतो. निव्वळ सॉफ्टनरचंही नको, त्याला फेस फार. तीन-साडेतीन महिन्यांनी सगळं उपसतो, पण त्याआधी पाइप धुण्याचं औषध घालून जेट चालवतो. पहिल्यांदा केलं तेव्हा वरून स्वच्छ दिसणाऱ्या टबात करड्या पापुद्र्यांचा थर तरंगला. मालकीणबाई बघत उभ्या होत्या. वर्षाचं कंत्राट त्यांनी तिथेच सही केलं.

सियागंजातून माल येतो तेव्हा मात्र मी स्वतः उभा राहतो. टीसीसीए एका भिंतीला, ब्लीचिंग पावडर समोरच्या. चमचेसुद्धा वेगळे, कारण दोन्ही एकत्र आली तर पेट घेऊ शकतात.

आता वहीत 23 टब आहेत. “क्लोरीनचा वास फार येतोय, कमी टाका,” असा फोन आठवड्याला एक तरी येतोच. वास येतो तो घामाशी झटून थकलेल्या क्लोरीनचा. तिथे कमी नाही, जास्तच घालावं लागतं, आणि झाकण उघडं ठेवून. हे फोनवर कुणाला पटत नाही. मी पोराला काटा घेऊन पाठवतो.