सुडोकू सॉल्व्हर: सगळीकडे एकच एक!

मी जावामध्ये सुडोकू सोडवणारा प्रोग्रॅम (सॉल्व्हर) लिहितोय. त्यावर ‘अवघड’ गटातली कोडी चालवली. सॉल्व्हरनं पापणी लवायच्या आत कोडं ‘सोडवलं’: प्रत्येक रिकाम्या घरात 1. बॅकट्रॅकिंग (अंक अडला की मागे येऊन दुसरा टाकून बघणं) एकदाही मागे फिरलं नाही.

पहिला संशय रिकर्शनवर, म्हणजे फंक्शननं स्वतःलाच पुन्हा बोलावण्यावर. ते बिचारं निर्दोष. मग ओळीत अंक आधीच आहे का हे बघणारा ॲरेज.ॲजलिस्ट(ओळ).कंटेन्स(अंक) तपासला. कायम फॉल्स! यादीची साइझ छापली, तर 9 च्या जागी 1. जेनेरिक्सना (कुठल्याही प्रकारच्या ऑब्जेक्टसाठी लिहिलेल्या, यादीसारख्या कोडला) इंट हा साधा आकडा चालत नाही, इंटिजर हा ऑब्जेक्ट लागतो, म्हणून अख्खा इंट ॲरेच एकुलता एक घटक होऊन बसला होता. कंपायलर गप्प, कारण कंटेन्सला कुठलाही ऑब्जेक्ट चालतो. शिवाय यादी व्हारमध्ये (प्रकार आपण न लिहिता कंपायलरनं ओळखायचा) घेतलेली. तिथं इंटिजरची लिस्ट असं स्पष्ट लिहिलेलं असतं तर कंपायलरनं जागीच अडवलं असतं. जावा 10 मध्ये आलेलं व्हार छान आहे, पण कलेक्शनसाठी माझ्याकडून आता बंद.

ॲरेज.स्ट्रीम(ओळ).बॉक्स्ड().टूलिस्ट() केल्यावर (बॉक्स्ड प्रत्येक इंटचा इंटिजर करतं) साइझ 9 आली. काय बरं वाटलं! (ही सोय इंट, लाँग, डबललाच. कॅर ॲरेला नाही, त्यामुळे अक्षरांच्या 16 बाय 16 कोड्यांना लूपच लागेल.)

पण शक्यतांच्या यादीतून अंक खोडायला गेलो, तर अनसपोर्टेड ऑपरेशन एक्सेप्शन. स्ट्रीमचं टूलिस्ट बदलता न येणारी यादी देतं. मग कलेक्टर्स.टूकलेक्शननं ॲरेलिस्ट घेतली. आता रिमूव्ह(5) म्हटलं की 6 गायब! इंट दिला की ते त्याला इंडेक्स (0 पासून मोजलेली जागा) समजतं, इंटिजर.व्हॅल्यूऑफ(5) द्यावं लागतं. ग्वावा या गूगलच्या जावा लायब्ररीचं इंट्स.ॲजलिस्ट सुटसुटीत आहे, पण ते मूळ ॲरेवरचीच खिडकी. तिथूनही काही काढता येत नाही.

आणि हे लिहिता लिहिताच वाटतंय, शक्यतांना यादी हवीच कशाला? नऊ अंक म्हणजे नऊ बिट. 1 ते 9 सगळे शक्य असतील तर मास्क (ते बिट एकत्र धरणारा एकच आकडा) 1022, कारण शून्याचा बिट रिकामाच. ओळी, स्तंभ, चौकटी मिळून 27 इंट, झालं. किती शक्यता उरल्या ते इंटिजर.बिटकाउंट सांगेल आणि सर्वात कमी शक्यतांचं घर आधी घेता येईल. बॉक्स्ड फक्त ‘इशारा द्या’ बटणापुरतं ठेवतो. बाकीचं आज रात्रीच उखडायला घेतोय.