तुम्ही विचारलंत म्हणून : रीफ टँकसाठी गरीब स्वभावाचे मासे

सोलापुरातून रीफ टँकबद्दल, म्हणजे प्रवाळ असलेल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटँकबद्दल, सगळ्यात जास्त येणारा प्रश्न असा असतो: “तीन फुटी टँक आहे, मऊ प्रवाळ लावलेत. आता भांडणं न करणारे छोटे मासे कोणते सोडू?”

नुसती यादी पाच मिनिटांत देता येते. पण मासा गरीब निघेल की भांडखोर, हे निम्मंच त्याच्या जातीवर ठरतं. उरलेलं निम्मं आपल्या हातात असतं: जागा किती दिली, लपायला कपारी किती ठेवल्या, कोणाला कोणाच्या आधी सोडलं. शिवाय इथला मे महिना तरून जाईल अशीच निवड करावी लागते.

3 × 1.5 × 1.5 फुटांचा टँक म्हणजे बाहेरून मोजलं तर सुमारे 190 लिटर. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता 140-150 लिटर पाणी उरतं. त्यात 5 ते 8 सेंटिमीटरचे पाच-सहा मासे, बस. सातवा आणू नका.

पहिली पसंती ऑसेलॅरिस क्लाउनफिशच्या जोडीला. टँकमध्येच जन्मलेली पिल्लं मिळाली तर तीच घ्या, ती तयार खाद्य पहिल्या दिवसापासून खातात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम (तमिळनाडू) इथल्या केंद्रात क्लाउनफिशचं प्रजनन यशस्वी झालेलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेल्याच माशांवर अडून राहायची गरज नाही. घेताना एक थोडं मोठं आणि एक लहान असं घ्या. ही पिल्लं आधी नर असतात. जोडीतलं दांडगं पुढे मादी होतं. दोन्ही पूर्ण वाढलेले, सारख्याच आकाराचे आणले तर दोन्ही माद्या निघू शकतात, आणि मग एक दुसरीला मारेपर्यंत थांबत नाही. ‘निमो’ म्हणून विकलेला प्रत्येक मासा ऑसेलॅरिस नसतो, हेही लक्षात घ्या. मरून, क्लार्की, सेबे हे मोठे होतात आणि अख्खा टँक आपलाच समजतात. क्लाउनला अ‍ॅनिमोन (ज्याच्या भुजांत हा मासा राहतो तो फुलासारखा सागरी जीव) लागतोच असं नाही. नव्या टँकमध्ये अ‍ॅनिमोन जागा बदलत फिरतो आणि वेव्हमेकरमध्ये (पाणी ढवळणाऱ्या पंपात) चिरडतो.

माझा सगळ्यात आवडता मासा यलो वॉचमन गोबी, आणि तोही पिस्टल श्रिंप या छोट्या कोळंबीसोबत. कोळंबीची नजर अधू. ती बीळ खणते, गोबी दाराशी पहारा देतो, आणि ती एक मिशी सतत त्याच्या अंगाला लावून ठेवते. धोका दिसला की तो शेपटी फडकवतो आणि दोघं आत. यासाठी वाळू 5-7 सेंटिमीटर जाड हवी आणि तिच्यात थोडे बारीक खडे मिसळलेले हवेत, नाहीतर बिळाचं छत टिकत नाही. इथे एक चूक फार होते. आधी वाळू पसरायची आणि तिच्यावर दगड रचायचे, मग कोळंबी खालून वाळू काढते आणि ढीग कोसळतो. दगड थेट तळाच्या काचेवर बसवा, वाळू नंतर ओता.

फायरफिश एकच ठेवा. खात्रीची जोडी नसेल तर दोघांतला एक दुसऱ्याला कोपऱ्यात कोंडतो. हा मासा दचकला की उडी मारतो, आणि बोटभर फटही त्याला पुरते. काचेचं झाकण घातलं तर उन्हाळ्यात पाणी थंड होत नाही, म्हणून स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडून अ‍ॅल्युमिनियमची हलकी चौकट बनवून घ्या आणि तिच्यावर पारदर्शक नायलॉनची जाळी ताणा. भोकं 6 मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. बांग्गाई कार्डिनल एक, किंवा खात्रीची जोडी. रॉयल ग्रामा एकच. आपल्या कपारीपुढे तोंड वासून दाखवतो, पण सहसा चावत नाही. निऑन गोबी जेमतेम 5 सेंटिमीटर, कोणाच्या अध्यात ना मध्यात. टेलस्पॉट ब्लेनी मात्र काचेवर आणि दगडांवर शेवाळाचा थर धरल्यावरच आणा.

आता जे आणू नयेत ते. निळा डॅमसेल स्वस्त, काटक आणि म्हणूनच प्रत्येक नव्या टँकमध्ये पहिला येतो. नंतर तो एकालाही सुखानं जगू देत नाही आणि पकडायला सगळे दगड उपसावे लागतात. हिरव्या क्रोमिसचा थवा दुकानात सुंदर दिसतो, पण तीन फुटात सहाचे चार, चाराचे दोन होत जातात, कारण ते दुबळ्याला एकेक करून संपवतात. सिक्सलाइन रास छोटा असला तरी जुना झाला की दादागिरी करतो. मँडरिन खरोखर गरीब, पण तो दगडांवरचे जिवंत कोपेपॉड (अगदी बारीक कवचधारी जीव) खातो. नव्या टँकमध्ये ते नसतात आणि तो उपाशी मरतो. निळा टँग वाढून 30 सेंटिमीटर होतो. समुद्रघोडा आणि पाइपफिश वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, कठीण प्रवाळही. ते घेऊच नका.

क्रम असा ठेवा: आधी गोबी आणि फायरफिश, मग कार्डिनल, नंतर क्लाउन, शेवटी ग्रामा. प्रत्येक वेळी दोन-तीन आठवड्यांचं अंतर. नवा मासा दिवे मालवून सोडा, आणि जुना फार अंगावर येत असेल तर दोन-तीन दगड हलवा. हद्दी मोडल्या की सगळेच नवखे होतात.

उन्हाळ्याचं सांगायलाच हवं. बाहेर 42 अंश असताना पंखा नसलेला टँक 31-32 वर जातो. माशांना 25 ते 27 अंश लागतात. गरम खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणून मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे पाण्यावर रोखलेला छोटा पंखा दोन-तीन अंश सहज उतरवतो. त्याहून जास्त हवं असेल तर चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र. पंख्यानं दिवसाला काही लिटर पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. भर घालायची ती आरओ-डीआय (सगळे क्षार काढलेल्या) पाण्याचीच, खाऱ्या पाण्याची नाही. घनता (पाण्याच्या खारेपणाचं माप) रोज 1.025 ला आणा. पावसाळी दमट हवेत हाच पंखा निम्माही काम करत नाही. वीज गेली तर आधी हवा महत्त्वाची, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप चार्ज करून ठेवा.

स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालत नाही. त्यात चवीसाठी थोडं कच्चं पाणी किंवा क्षार मिसळतात. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) शून्य हवा. नळाला पाणी काही दिवसांआड येत असल्यानं 50-60 लिटर आरओ-डीआय साठवून ठेवलेलं बरं.

मासे सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या, म्हणजे जानेवारीच्या, सुमारास आणा. थंडीत पुण्या-मुंबईहून रात्रभर आलेलं पार्सल तापत नाही. लांबून आलेल्या पिशवीत श्वासामुळे पीएच खाली आलेला असतो आणि साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विष बनतो. म्हणून तासभर थेंबथेंब पाणी सोडत बसू नका. विक्रेत्याला घनता आधी विचारा, क्वारंटाइनचं (नवा मासा आधी वेगळा ठेवायच्या टँकचं) पाणी तेवढ्याच घनतेचं करा, पिशवी 15 मिनिटं तरंगवा, उघडा आणि मासा लगेच हलवा. पिशवीतलं पाणी टाकून द्या.

क्वारंटाइनला 40 लिटरचा साधा टँक, आधीच मुरलेला (उपयोगी जिवाणू वाढलेला) स्पंज फिल्टर, पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे आणि चार आठवडे. पांढरे ठिपके दिसले तर तांब्याचं औषध तिथेच द्या. मुख्य टँकमध्ये एकदा घातलं की कोळंबी आणि प्रवाळ दोन्ही गेले. आणि पैसे मोजण्याआधी विक्रेत्याला मासा खातानाचा व्हिडिओ पाठवायला सांगा. जो मासा दुकानात खात नाही, तो प्रवासानंतर घरी येऊन खायला लागेल अशी आशा धरू नका.