दोन 'ला' आणि एक कुंचला

मुलांच्या चित्रकला शिबिराचे पत्रक करताना मथळ्यासाठी मी कुंचल्याच्या वळणाचा एक खेळकर फॉन्ट निवडला आणि 'खेळायला चला' ही अक्षरे मोठ्या आकारात मांडली. पहिल्या नजरेत ती झकास वाटली. पण थोड्याच वेळात डोळा दोन्ही शब्दांच्या शेवटच्या 'ला'वर अडखळू लागला. रंग संपत आला की कुंचला मागे ठेवतो तसे कोरडे, विरळ ओरखडे दोन्ही कान्यांच्या टोकाशी होते आणि त्यांत केसाइतकाही फरक नव्हता. हाताने लिहिणाऱ्याकडून असे कधी घडत नाही.

ही अडचण जुनी आहे. 'ब्रश स्क्रिप्ट' हा रॉबर्ट स्मिथ यांचा टाइप १९४२ साली आला आणि रोजे एक्सकोफाँ यांचा 'मिस्त्राल' १९५३ साली. दोन्हींत हाताचा वेग छान पकडला आहे, पण खिळा, म्हणजे छपाईचे धातूचे ओतीव अक्षर, म्हटला की तेच अक्षर दर वेळी तसेच उमटणार. १९९६ साली जाहीर झालेल्या ओपनटाइप या संगणकीय फॉन्टच्या स्वरूपामुळे वाट मोकळी झाली. एका अक्षराची दोन-तीन रूपे फॉन्टमध्ये ठेवता येतात आणि तेच अक्षर जवळपास पुन्हा आले की दुसरे रूप आपोआप बसते. देवनागरीत मात्र अशी रूपे सर्वांत आधी कान्याची काढावीत, असे माझे ठाम मत आहे, कारण काना बहुधा स्वतंत्र आकृती म्हणून साठवलेला असतो आणि 'का'पासून 'हा'पर्यंत सगळीकडे तोच जोडला जातो.

याहून नाजूक काम शिरोरेषेचे. प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याचा रेषेचा तुकडा घेऊन येते आणि शेजारच्या तुकड्यावर किंचित चढते. कुंचल्याची रेष जाडबारीक असते. म्हणून सांध्यापाशी जाडी आणि उंची जुळवून घ्यावी लागते आणि थरथर ठेवायची ती तुकड्याच्या मधल्या भागात. रोमन अक्षरे वरखाली उडवून खेळकरपणा आणता येतो. आपली अक्षरे रेषेला टांगलेली, त्यामुळे ती मौज पायांकडे न्यावी लागते, म्हणजे एखाद्या 'ल'चा दांडा लांब आणि शेजारच्या 'य'चा आखूड. वापरणाऱ्याने अक्षरांमधले अंतर वाढवले, की ही सारी मेहनत वाया जाते आणि रेषेत फटी पडतात. हा फॉन्ट दोन-चार शब्दांच्या मथळ्यालाच शोभतो. बारीक मजकुरात ओरखडे बुजून नुसते डाग दिसतात.

माझ्या फॉन्टमध्ये कान्याचे दुसरे रूप नव्हते. म्हणून मथळ्याच्या अक्षरांच्या बाह्यरेषा मोकळ्या केल्या, म्हणजे अक्षरे चित्रासारखी हवी तशी बदलता येतील अशी केली, 'चला'मधला काना थोडा आखूड केला, त्याच्या टोकाचे ओरखडे पुसून कागदावर खऱ्या कुंचल्याने ओढलेल्या रेघेचे टोक स्कॅन करून तिथे बसवले आणि पत्रक छपाईला दिले.