५,४६३ बेसचं वर्तुळ

लोणार सरोवराच्या काठच्या खाऱ्या चिखलातून आमच्या लॅबमध्ये एक बॅसिलस (एक प्रकारचा जीवाणू) वाढवला होता. त्याचा जीनोम (संपूर्ण डीएनए) तुकड्यांतून जोडायचं काम माझ्याकडे आलं. इल्युमिना मशीनने वाचलेल्या दीडशे बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) तुटक रीड्स स्पेड्स या जोडणी करणाऱ्या प्रोग्रॅमला (असेंब्लरला) दिल्या, कॉम्प्युटर रात्रभर चालू ठेवलं. सकाळी ८७ कॉन्टिग (जोडून झालेले सलग तुकडे) हाती आले.

त्यातला एक वेगळाच होता. लांबी ५,४६३ बेस, दोन्ही टोकं जुळणारी, कव्हरेज (एकेक बेस किती रीड्समध्ये आला ते) क्रोमोसोमच्या कितीतरी पट. छोटं वर्तुळ आणि भरपूर प्रती, म्हणजे प्लाझमिडच, जीवाणूतलं क्रोमोसोमपासून वेगळं छोटं डीएनए! क्षारात तगून राहायची जनुकं यावरच असणार, या कल्पनेनं मी दिवसभर हरखून गेले होते. मॅडमना दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं, "टोकं किती बेसनी जुळतायत गं?"

मोजलं. ७७. स्पेड्सने शेवटचा के-मर (रीड्स जुळवताना घ्यायचा ठरावीक लांबीचा तुकडा) ७७ चाच घेतला होता, आणि वर्तुळ सरळ लिहिताना तेवढा तुकडा दोनदा येतो. तो वजा केला. ५,३८६. आकडा बघितला आणि पोटात गोळाच आला. फाय-एक्स १७४! शास्त्रज्ञ फ्रेडरिक सँगर यांच्या गटाने १९७७ मध्ये ज्याचा जीनोम वाचला तो फेज, म्हणजे जीवाणूंवर जगणारा विषाणू. इल्युमिनाच्या रनमध्ये तपासणीसाठी त्याचाच डीएनए मिसळतात. डेटाबेसमध्ये जुळणी शोधणाऱ्या ब्लास्टनेही तेच सांगितलं. २०१५ मध्ये सार्वजनिक डेटाबेसमधल्या हजाराहून जास्त जीनोममध्ये हाच फेज शिरलेला सापडला होता, ते मी वाचलं होतं. तरीही माझ्या डोळ्यांना तो दिसला नाही, याचं फार वाईट वाटलं.

मग प्रत्येक तुकडा हाताखालून घालायचं ठरवलं. बँडेज या प्रोग्रॅममध्ये जोडणीचा आलेख उघडला तर मधोमध एक गाठ, आणि तिच्यातून चहूकडे फाटे फुटलेले. गाठीतल्या पट्टीचं कव्हरेज बाकीच्यांच्या साधारण आठपट. ते रायबोसोमल आरएनएचे ऑपेरॉन (सलग असलेले जनुकांचे गट) होते. जीनोममध्ये ठिकठिकाणी जवळजवळ सारख्याच असणाऱ्या या प्रती पाच-पाच हजार बेस लांब. दीडशे बेसची रीड त्या ओलांडणार कशी? असेंब्लरचा यात काही दोष नाही, रस्ता दाखवणारी माहितीच रीड्समध्ये नव्हती.

पुन्हा डीएनए काढला. या वेळी व्होर्टेक्स (मशीनवर जोरात घुसळणं) अजिबात नाही, लांब धागे तुटू नयेत म्हणून रुंद तोंडाच्या टिप्स. नॅनोपोर मशीनच्या लांब रीड्स फ्लाय या असेंब्लरला दिल्या आणि अख्खा क्रोमोसोम एका वर्तुळात मिटला. ओळीने एकच बेस आला की नॅनोपोर मोजणीत चुकतं, म्हणून आधीच्याच इल्युमिना रीड्सनी पॉलिश केलं, म्हणजे त्या चुका दुरुस्त केल्या. पहिला बेस डीएनएए (dnaA, डीएनएची प्रत काढायला सुरुवात करणारं) जनुकापासून मोजला, आणि डेटाबेसकडे सबमिट करण्याआधी फाय-एक्स पुन्हा एकदा शोधला.